निरर्थाची वऱ्हाडी नोंद : रिद्धपूर, ऋणमोचन आणि ‘धग’

१

मराठी समीक्षेत ‘अस्तित्ववादी जाणीव’ ही संज्ञा सामान्यतः १९६० नंतरच्या साहित्याला उद्देशून योजिली जाते. या जाणिवेचा वंशवृक्षही आता पाठ्यपुस्तकी म्हणावा इतका स्थिर झाला आहे. दोन महायुद्धांनी केलेला मूल्यांचा विध्वंस, सार्त्र आणि काम्यू यांचे लेखन, ते इंग्रजीतून मराठी तरुणांच्या हाती पडणे, मुंबई-पुण्याला शिकायला वा नोकरीला आलेल्या मध्यमवर्गीय मनाचे तुटलेपण, मर्ढेकरोत्तर कविता आणि भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३), असा हा क्रम सांगितला जातो. क्रम चुकीचा नाही. परंतु त्यामागे एक गृहीत दडलेले आहे आणि ते तपासून पाहणे आवश्यक आहे. जगण्याला काही अर्थ आहे काय, हा प्रश्न मराठी मनाला बाहेरून मिळाला. त्याआधीचे मराठी मन एक तर भक्तीत सुस्थिर होते, नाही तर दारिद्र्यात इतके गुंतलेले होते की हा प्रश्न पडण्याची सवडच त्याला नव्हती, असे ते गृहीत आहे.

काम्यूने १९४२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या सिसिफसविषयक निबंधात निरर्थाची जी मांडणी केली तिचा सारांश असा : माणूस जगाकडे अर्थ मागतो, जग गप्प राहते आणि या मागणी व मौन यांच्यामधल्या जागेत निरर्थ जन्माला येतो. म्हणजे निरर्थ एकट्या जगात नसतो, एकट्या माणसातही नसतो. तो दोघांच्या संबंधात असतो. म्हणूनच आत्महत्या हा त्याच्या दृष्टीने तत्त्वज्ञानाचा पहिला प्रश्न ठरतो आणि खडक पुन्हापुन्हा डोंगरावर ढकलणारा सिसिफस हा मानवी स्थितीचा नायक ठरतो. ही मांडणी युरोपीय आहे, पण तीत वर्णिलेला संबंध केवळ युरोपात संभवतो असे मानण्याचे कारण नाही.

प्रस्तुत लेखात अमरावती आणि अकोला या वऱ्हाडच्या दोन जिल्ह्यांच्या परिसरातील तीन नोंदी वाचण्याचा प्रयत्न केला आहे. पहिली तेराव्या शतकातील रिद्धपूरची, दुसरी विसाव्या शतकाच्या आरंभी ऋणमोचन येथे सुरू झालेल्या गाडगेबाबांच्या कार्याची आणि तिसरी उद्धव ज. शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) या कादंबरीची. या तिन्हींची एक अखंड परंपरा आहे असा दावा येथे नाही. गोविंदप्रभूंना वा गाडगेबाबांना अस्तित्ववादी ठरविण्याचाही हेतू नाही; तसे करणे म्हणजे आयात केलेल्या मापाने घरचे धान्य मोजणे होय. प्रश्न इतकाच आहे की, अर्थाची मागणी आणि जगाचे मौन यांची गाठ या भूमीत कोणत्या रूपांत पडली आणि त्या गाठीला माणसांनी कोणते उत्तर दिले. त्या उत्तरांतील भेदही तितकेच महत्त्वाचे आहेत.

२

अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे महास्थान. चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू उर्फ गुंडम राऊळ यांचे आयुष्य येथे गेले. बालपणीच आईवडिलांचे छत्र हरपल्याने नातलगांनी वाढविलेला हा पुरुष लोकांच्या दृष्टीने वेडा होता. तो मध्येच रागावे, मध्येच हसे, देवळातील मूर्तींशी बोले, बाजारातील पदार्थ उचलून खाई, कोणाच्याही घरात शिरे. कोणत्या जातीचे घर आहे याची फिकीर त्याला नसे. त्याच गावातील लोक त्याला वेडा म्हणत आणि संकटात त्यालाच मायबाप म्हणून हाक मारीत. पंथाच्या तत्त्वज्ञानात तो पंचकृष्णांपैकी एक, परमेश्वराचा अवतार आहे. त्यामुळे त्याचे वेड हे वेड नसून लीला आहे, असा अर्थ अगोदरच सिद्ध झालेला आहे. हे मान्य करूनही म्हाइंभटाच्या ‘ऋद्धिपूरचरित्रा’कडे वाङ्मयीन संहिता म्हणून पाहिले तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते. निवेदक कृती सांगतो, स्थळ सांगतो, जवळ कोण होते ते सांगतो आणि थांबतो. कृतीचा हेतू उलगडून दाखविण्याची घाई तो करीत नाही. सिद्धान्त एका बाजूस उभा असतो आणि घटना दुसऱ्या बाजूस, आपल्या साऱ्या विक्षिप्तपणासह, तशीच शिल्लक राहते.

या नोंदींच्या मागची ऐतिहासिक परिस्थिती ध्यानात घेतली की त्यांचे मोल कळते. चक्रधरांच्या प्रयाणानंतर त्यांचे अनुयायी निराधार झाले होते. ज्याच्या शब्दावर त्यांनी घरदार, जात आणि प्रतिष्ठा सोडली होती तो उत्तर देणारा माणूसच नाहीसा झाला. नागदेवाचार्यांसह ही मंडळी रिद्धपूरला आली आणि गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिली. येथे एक मूलगामी बदल घडला होता. चक्रधर निरूपण करीत; प्रश्न विचारला की उत्तर मिळे, दृष्टान्त मिळे. गोविंदप्रभू निरूपण करीत नसत. त्यांचा राग का, हसू कशासाठी, जेवणाचा नकार कशामुळे, याचा उलगडा मागण्याची सोय नव्हती. बोलक्या गुरूकडून ही मंडळी अबोध गुरूकडे आली, आणि त्यांच्यापाशी एकच गोष्ट उरली : सेवा. आंघोळ घालणे, जेवू घालणे, मागे मागे जाणे आणि जे पाहिले ते ध्यानात ठेवणे.

अर्थ उमगण्याच्या आधी सेवा करावी लागते, एवढेच नव्हे तर अर्थ पुरता न उमगताही ती करीत राहता येते, हे रिद्धपूरच्या दिवसांचे तात्पर्य म्हणता येईल. म्हाइंभटाने या काळातूनच आपली चरित्रे उभी केली. साक्षीदार गाठून, प्रसंग पडताळून, पाठभेद असल्यास तोही नोंदवून त्याने जे लिहिले ते मराठी गद्याच्या आरंभीच्या काळातील सर्वांत विश्वसनीय लेखन ठरले आणि वि. भि. कोलते यांच्यासारख्या वऱ्हाडातील संशोधकाने पुढे त्याचे चिकित्सक संपादन केले. शोकाचे रूपांतर येथे नोंदीच्या शिस्तीत झालेले दिसते.

महदाइसेच्या ‘धवळ्यां’ची जन्मकथाही याच अंगाने वाचण्यासारखी आहे. गोविंदप्रभूंना विवाहाची लहर आली आणि त्या खेळाच्या निमित्ताने महदाइसेने कृष्ण-रुक्मिणी विवाहाची गीते रचली, असे परंपरा सांगते. लौकिक दृष्टीने पाहता प्रसंग असंबद्ध आहे. लग्नाचे वय नाही, वधू नाही, प्रयोजनही नाही. लग्नसंस्थेने जिला बालवयातच वैधव्य दिले त्या स्त्रीने या असंबद्ध लहरीला शब्द दिले आणि मराठीतील आद्य कवयित्रीची रचना अस्तित्वात आली. लहरीला अर्थ होता की नाही, हा वाद निष्फळ आहे. तिला मिळालेल्या प्रतिसादातून अर्थ घडला, हे मात्र वाङ्मयेतिहासाचे वास्तव आहे. याच रिद्धपुरात २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. त्या विद्यापीठाला केवळ प्राचीनत्वाचे भूषण म्हणून नव्हे, तर भाषेत अर्थ कसा निर्माण होतो याचा मूळ धडा म्हणून या स्थळाकडे पाहता येईल.

३

रिद्धपूरच्या निरर्थाला श्रद्धेची चौकट होती. एकोणिसाव्या शतकातील वऱ्हाडात निरर्थ वेगळ्या वाटेने आला. १८५३ च्या तहाने हा प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकी यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, वऱ्हाडच्या काळ्या मातीला एकाएकी जागतिक महत्त्व आले, आणि त्याच दशकात रेल्वे अकोला-बडनेऱ्यापर्यंत पोहोचली. युद्ध संपताच भाव कोसळले. ज्या युद्धाचे नावही शेतकऱ्याने ऐकले नव्हते त्याने त्याला श्रीमंतीचे स्वप्न दाखविले, आणि ज्या तहाची त्याला वार्ता नव्हती त्याने ते हिरावून घेतले. १८९७ साली कापूस व धान्य बाजारासाठी वऱ्हाडात स्वतंत्र कायदा झाला. भारतातील बाजार-नियमनाचा तो आरंभ मानला जातो. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८९९-१९०० मध्ये, या सुपीक प्रांतात भीषण दुष्काळ पडला. बाजार नियमबद्ध झाला होता. शेतकऱ्याच्या घरी धान्य मात्र नव्हते. कापूस खाता येत नाही, ही साधी गोष्ट त्या दोन वर्षांत वऱ्हाडने फार मोठी किंमत देऊन शिकली.

या परिस्थितीत २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे, परीट समाजात, डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. पुढे तेच गाडगेबाबा म्हणून ओळखले गेले. वडील व्यसनापायी अकाली गेले. आई सखूबाई मुलाला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे आली आणि डेबूजी मामाच्या घरी गुरे राखीत, शेती करीत वाढला. चरित्रकारांनी सांगितलेला सावकाराचा प्रसंग या संदर्भात केंद्रस्थानी ठेवावा लागतो. मामाने कर्ज काढले, फेड होत राहिली, पण निरक्षर घराला पावती ठाऊक नव्हती. फेडलेले कर्ज खात्यावर तसेच राहिले आणि अखेर जमिनीवर सावकाराचा दावा आला. मामा या धक्क्याने खचला. ताबा घ्यायला आलेल्या सावकारापुढे डेबूजी मात्र शेतात पाय रोवून उभा राहिला.

सिसिफसच्या कथेशी या प्रसंगाची तुलना केल्यास साम्य आणि भेद दोन्ही ध्यानात येतात. साम्य असे की, दोन्हीकडे श्रम आहेत आणि श्रमाचे फळ दरवेळी पुसले जाते. शिखरावर नेलेला खडक खाली येतो. फेडलेले कर्ज पुन्हा खात्यावर उभे राहते. भेद मूलभूत आहे. सिसिफसचा खडक देवांच्या शापाचा आहे, त्याला अपील नाही. सावकाराचे खाते माणसाने लिहिलेले आहे, ते वाचता येते, तपासता येते, खोडता येते. जे वाचता येत नाही ते दैव वाटते. वाचता आले की तेच कपट म्हणून ओळखू येते. गाडगेबाबांनी पुढे आयुष्यभर कीर्तनांतून शिक्षणाचा जो ध्यास धरला, एकवेळ जेवणाची भांडी मोडा पण मुलाला शाळेत घाला अशा आशयाचा जो आग्रह केला, त्याचे मूळ येथे आहे. शिक्षण हे त्यांच्यासाठी उन्नतीचे साधन होतेच. त्याआधी ते दैव आणि अन्याय यांतला फरक ओळखण्याचे साधन होते.

म्हणून वऱ्हाडच्या संदर्भात निरर्थाचे दोन प्रकार वेगळे करणे अपरिहार्य ठरते. एक अस्तित्वाचा निरर्थ : मृत्यू, रोग, अकाली वियोग, पावसाची लहर. दुसरा व्यवस्थेचा निरर्थ : खोटे खाते, कोसळलेला भाव, जातीने वाटून दिलेले श्रम. पहिल्याला सोसावे लागते, दुसऱ्याला सोसणे हा अपराध ठरू शकतो. या दोहोंची गल्लत झाली की अर्थाचे तत्त्वज्ञान अन्यायाचे समर्थन होऊन बसते. काम्यूने अधिक भर पहिल्यावर दिला. डेबूजीला मात्र दुसरा आधी भेटला.

४

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजीने घर सोडले. पूर्णा नदीकाठचे ऋणमोचन हे त्यांच्या सेवेचे आरंभस्थान ठरले. तेथील मुद्गलेश्वराच्या यात्रेला पौषात, रविवारी, लोक स्नानासाठी येत. स्थळनामातच कर्जातून सुटकेचे आश्वासन आहे. पुराणातले ऋण आणि सावकाराचे ऋण वेगळे असले, तरी त्या नदीकाठी जमणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यावर दोन्ही असत. डेबूजीने तेथे पूजा मांडली नाही, व्रत सांगितले नाही. निसरड्या चिखलात घसरणाऱ्या यात्रेकरूंना वाट करून देणे आणि त्यांनी मागे टाकलेली घाण झाडणे, हे काम त्याने पत्करले. पुढे तेथे घाट आणि धर्मशाळा उभी राहिली.

झाडण्याची क्रिया तत्त्वदृष्ट्या विचार करण्याजोगी आहे. पेरणीतून पीक येते, बांधकामातून घर उभे राहते. झाडण्यातून काही उभे राहत नाही. आज झाडलेली जागा उद्या पुन्हा घाण होते. ज्या कामाचे फळ साठवता येत नाही आणि जे कधीच पूर्ण होत नाही, अशा कामांत झाडणे अग्रभागी आहे. गाडगेबाबांची दिनचर्या ठरलेली होती : गावात शिरल्यावर रस्ते, गटारे झाडायची, रात्री कीर्तन करायचे आणि मुक्काम न वाढविता पुढच्या गावाला निघायचे. आपण गेल्यावर गाव पुन्हा घाण होणार हे त्यांना दिसत नसेल असे संभवत नाही. तरी ते झाडत राहिले. केवळ निष्कामकर्म हे नाव देऊन हा प्रश्न मिटवता येत नाही, कारण त्यांचे कर्म निष्काम नव्हते. लोकांनी स्वतः झाडू हाती घ्यावा ही कामना त्यात स्पष्ट होती. फळ साठत नाही, पण दुसऱ्याचा हात पुढे येऊ शकतो. या शक्यतेवर त्यांचे सारे कार्य उभे होते.

त्यांच्या कीर्तनाची रचनाही याच तत्त्वाने घडलेली आहे. परंपरागत कीर्तनात पूर्वरंग-उत्तररंगाची मांडणी असते आणि अर्थ सांगण्याचा अधिकार कीर्तनकाराकडे असतो. गाडगेबाबांनी तो अधिकार श्रोत्यांकडे वळविला. देव, नवस, पशुबळी, दारू, शिवाशिव, कर्ज अशा विषयांवर ते वऱ्हाडी बोलीत एकामागून एक प्रश्न टाकीत, आणि उत्तर श्रोत्यांच्या तोंडून यावे लागे. आपला कोणी शिष्य नाही आणि आपण कोणाचे गुरू नाही, हे ते वारंवार सांगत. प्रबोधनकार ठाकरे आणि गो. नी. दांडेकर यांच्यासारख्या परस्परांहून फार भिन्न वृत्तीच्या लेखकांना त्यांचे चरित्र लिहावेसे वाटले, यातही त्या संवादी शैलीचे सामर्थ्य दिसते. त्याच मातीतील तुकडोजी महाराजांनी ‘ग्रामगीता’ (१९५५) लिहून गावाला ग्रंथ दिला. जन्मल्यावर काही महिन्यांतच अंध झालेल्या माधानच्या गुलाबराव महाराजांनी (१८८१-१९१५) शंभराहून अधिक ग्रंथांतून एक तत्त्वदर्शन रचले. गाडगेबाबांनी ग्रंथ लिहिला नाही. त्यांनी अर्थ संहितेत न ठेवता प्रसंगात ठेवला.

अस्तित्वाचा निरर्थ त्यांना चुकला नव्हता. १९२३ साली कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असताना त्यांना एकुलत्या मुलाच्या, गोविंदाच्या, निधनाची वार्ता मिळाली. कोट्यवधी गेले, त्यांत एकासाठी काय रडावे, अशा आशयाचे उद्गार काढून त्यांनी कीर्तन पुढे चालू ठेवले. चरित्रपर लेखनात हा प्रसंग वैराग्याचा कळस म्हणून येतो. तो वेगळ्या रीतीनेही वाचता येईल. त्या उद्गारांत मृत्यूचे समर्थन नाही. पूर्वकर्म, देवाची इच्छा, पुढील जन्म यांपैकी कशाचाही आधार त्यांनी घेतला नाही. स्वतःचे दुःख त्यांनी गणनेत बसविले. इतरांच्या दुःखाहून ते अधिक अर्थपूर्ण आहे असे मानण्याचे नाकारले. जग गप्प आहे हे मान्य करून समोर बसलेल्या माणसांशी बोलणे चालू ठेवणे, असे या प्रसंगाचे स्वरूप आहे.

येथे दोन आक्षेप उपस्थित होतात आणि ते टाळता येणार नाहीत. पहिला जातीविषयीचा. ज्या समाजात काही जातींच्या हाती झाडू जन्मानेच दिला जातो, तेथे झाडूला मोक्षाचे साधन म्हणून गौरविणे धोक्याचे आहे. ज्याला झाडू नाकारण्याचे स्वातंत्र्य नाही त्याच्या झाडण्यात निवडीचा अर्थ शोधणे ही क्रूर थट्टा होईल. गाडगेबाबांचे कार्य या आक्षेपापुढे टिकते ते त्यांनी झाडू सर्वांच्या हाती देऊ पाहिला म्हणून, आणि त्याबरोबर संस्था उभ्या केल्या म्हणून. पंढरपूरला त्यांनी अस्पृश्यांसाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि १९४९ मध्ये ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सुपूर्द केली. पंढरीच्या वाटेवर बांधलेली वास्तू शिक्षणाच्या कामी यावी, हा त्यांच्या जीवनार्थाचा सर्वांत स्पष्ट निर्देश आहे. आज त्यांचे नाव अमरावतीच्या विद्यापीठाला आहे, राज्याच्या ग्रामस्वच्छता अभियानालाही आहे. केवळ स्वच्छतेपुरते त्यांना आठवणे म्हणजे झाडू ठेवून प्रश्न काढून टाकणे होय.

दुसरा आक्षेप घराविषयीचा आहे. खारेपाटणच्या त्या दृश्याच्या चौकटीबाहेर गोविंदाची आई, कुंताबाई, राहते. घर सोडण्याचा निर्णय एकाचा होता, घर सांभाळण्याचे ओझे दुसरीवर आले. संतचरित्राच्या रचनेतच हा अभाव आहे : जो निघून जातो त्याच्या जगण्याला कथा मिळते, जी मागे राहते तिला कथेत जागा मिळत नाही. ज्याला निघून जाता येते त्याला अर्थाचा शोध घेता येतो. ज्याला निघता येत नाही त्याचे काय? या प्रश्नाने आपण ‘धग’पाशी येतो.

५

उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० साली, ‘कोसला’च्या तीन वर्षे आधी, प्रसिद्ध झाली. अमरावती परिसरातील खेड्याची पार्श्वभूमी, वऱ्हाडी बोलीतील संवाद आणि कौतिक नावाच्या स्त्रीचे झुंजणे हे तिचे सर्वपरिचित विशेष. नवरा महादेव कर्तृत्वहीन आहे. मुले वाढवायची आहेत, पोट भरायचे आहे, आणि कौतिक मजुरी करून संसार उभा ठेवू पाहते. एक गोष्ट सावरावी तर दुसरी कोसळते. लेखक तिला विजय देत नाही, तत्त्वज्ञानाचा आधार देत नाही, प्रतीक म्हणून उंचावरही बसवीत नाही. तिच्या दुःखाचे स्पष्टीकरण कादंबरीत कोणीही करीत नाही. म्हाइंभटाच्या नोंदीप्रमाणेच येथेही निवेदन कृतीशी थांबते, फक्त त्यामागे आता श्रद्धेची चौकट उरलेली नाही.

मराठी समीक्षेने या दोन कादंबऱ्यांची जी वाटणी केली ती उद्बोधक आहे. ‘कोसला’च्या पांडुरंग सांगवीकराला, म्हणजे खानदेशातील खेड्यातून पुण्याला शिकायला आलेल्या आणि परत गेलेल्या तरुणाला, अस्तित्ववादाच्या दालनात स्थान मिळाले. ‘धग’ ग्रामीण वा प्रादेशिक या दालनात ठेवली गेली. ‘कोसला’चे मोठेपण येथे विवाद्य नाही, मनीच्या मृत्यूने पांडुरंगच्या जगाला जे खिंडार पडते ते मराठी गद्यातील निरर्थाच्या तीव्रतम प्रत्ययांपैकी एक आहे. प्रश्न वर्गीकरणाचा आहे. शिकलेल्या पुरुषाची उदासी अस्तित्वाशी जोडली जाते आणि राबणाऱ्या स्त्रीची वेदना परिस्थितीशी. पहिल्याला ‘प्रश्न’ पडतो, दुसरीला फक्त ‘हाल’ सोसावे लागतात. ज्याच्यापाशी प्रश्नाची परिभाषा आहे त्यालाच प्रश्न पडतो, असे मानणारी समीक्षा बोलणे आणि जाणणे यांत गल्लत करते.

कौतिक परिभाषेत बोलत नाही, परंतु अर्थाची मागणी तिच्या प्रत्येक कृतीत आहे. मुलाचे काही चांगले व्हावे, घराची अब्रू राहावी, दोन वेळचे निघावे, या अपेक्षा क्षुल्लक नाहीत. जगाकडे केलेली ती मागणीच आहे, आणि जग तिला उत्तर देत नाही. तिची स्थिती सिसिफसहून कठीण आहे. सिसिफस एकटा आहे, त्याच्या खडकावर कोणी अवलंबून नाही. त्याने क्षणभर थांबून आपल्या नियतीचा उपहास केला तरी कोणाचे बिघडत नाही. कौतिक थांबली तर चूल थांबते. म्हणून वीरोचित बंडखोरीचा जो दिमाख काम्यूच्या नायकाला लाभतो तो तिला लाभत नाही. तिच्या वाट्याला आलेला अर्थ इतरांच्या गरजेत विखुरलेला आहे. कादंबरीच्या अखेरीस तिच्या कष्टांचे चीज होत नाही, पण म्हणून ते कष्ट निरर्थक होते असे म्हणण्यास वाचकाचे मन धजत नाही. फळ न मिळणे आणि अर्थ नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा प्रत्यय देणे हे ‘धग’चे सर्वांत मोठे यश आहे.

६

हा सारा विचार केवळ वाङ्मयीन वर्गीकरणाच्या दुरुस्तीसाठी केलेला नाही. १९९० च्या दशकापासून वऱ्हाड हे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांशी जोडले गेले. २००६ साली पंतप्रधानांनी अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशिम, बुलढाणा आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. त्यानंतरही हे मरण थांबलेले नाही. सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ (२००२) या कादंबरीत सुशिक्षित शेतकरी तरुणाचा कोंडमारा आला आणि हा विषय मराठी कादंबरीच्या केंद्राजवळ पोहोचला. काम्यूने तत्त्वज्ञानाचा पहिला मानलेला प्रश्न वऱ्हाडात शेताच्या बांधावर येऊन उभा राहिलेला आहे, आणि त्याला दिली जाणारी उत्तरे मात्र दोन टोकांची आहेत.

एक उत्तर अर्थशास्त्राचे : कर्ज, भाव, सिंचन, विमा. ते आवश्यक आहे, आणि वऱ्हाडचा सव्वाशे-दीडशे वर्षांचा कापसाचा इतिहास पाहता ते आधी द्यावे लागेल. परंतु या उत्तरात मेलेला माणूस केवळ एक संख्या, पात्र वा अपात्र असे प्रकरण होऊन राहतो. सारखेच कर्ज असलेले दोघे शेजारी, त्यांतील एक जातो आणि दुसरा राहतो, याचा उलगडा त्याला होत नाही; राहिलेला कशाच्या बळावर राहिला, हे विचारण्याची सोयही त्यात नाही. दुसरे उत्तर उपदेशाचे : मन खंबीर ठेवा, जीवन अमूल्य आहे. हे उत्तर व्यवस्थेचा निरर्थ अस्तित्वाच्या निरर्थात मिसळून टाकते आणि खोट्या खात्यापुढे धैर्याचे धडे देते. पहिल्या उत्तरात माणूस हरवतो, दुसऱ्यात सावकार.

वर पाहिलेल्या तीन नोंदी या दोन टोकांमधली जागा दाखवितात. रिद्धपूरने दाखविले की, उत्तर देणारा निघून गेल्यावरही सेवा आणि नोंद यांच्या शिस्तीत माणसे एकत्र टिकू शकतात. ऋणमोचनने दाखविले की, माणसाने लिहिलेले खाते आधी वाचायला शिकले पाहिजे, आणि जे कोणालाच पुसता येत नाही त्या दुःखासमोरही माणसांशी बोलणे थांबवू नये. ‘धग’ने दाखविले की, निघून जाण्याचे स्वातंत्र्य नसलेल्या जगण्यातही अर्थ असतो, परंतु त्या अर्थाचा हवाला देऊन तिच्यावरचे ओझे कायम ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. या तिन्ही ठिकाणी अर्थ एकट्या माणसाच्या चिंतनात सापडत नाही. तो दोघांच्या मध्ये, म्हणजे सेवक आणि सेव्य, कीर्तनकार आणि श्रोता, आई आणि मूल यांच्या मध्ये घडतो. युरोपीय मांडणीत निरर्थ हा माणूस आणि जग यांचा संबंध आहे; वऱ्हाडच्या या नोंदींत त्या संबंधात तिसरा घटक येतो, तो म्हणजे दुसरा माणूस. जग गप्प असले तरी तो गप्प असेलच असे नाही.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येत असताना वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलाच्या परिसरात, गाडगेबाबांचे निधन झाले. पंढरपूरची आपली धर्मशाळा त्यांनी ज्यांच्या संस्थेच्या हवाली केली होती ते आंबेडकर त्याआधी दोनच आठवडे, ६ डिसेंबरला, गेले होते. एकाने खाते वाचायला शिकण्याची गरज कीर्तनातून सांगितली, दुसऱ्याने खाते बदलण्याचा अधिकार घटनेत लिहिला. मराठी समीक्षेने निरर्थाच्या चर्चेत या दोन्ही कृतींना जागा दिली पाहिजे. तसे झाले तर ‘अस्तित्ववादी’ आणि ‘ग्रामीण’ या दालनांमधली भिंत आपोआप निकामी ठरेल, आणि कौतिकचे जगणे तिच्या परिस्थितीचा नमुना म्हणून न वाचता, जगण्याविषयीच्या मूलभूत विचारातील एक साक्ष म्हणून वाचले जाईल. वऱ्हाडात आज जे जिवंत राहण्यासाठी झगडत आहेत त्यांच्या दृष्टीने हा फरक लहान नाही. त्यांना मदतीची गरज आहे, तशीच आपला प्रश्न हा खरोखर प्रश्न आहे, अशी मान्यता मिळण्याचीही गरज आहे.